घरोघरचा पांढरा स्पिट्झ: आपापले अनुभव लिहा

पिंपळपान
पुतणीने आणलेल्या पांढऱ्या पिल्लाला लस टोचायला मागच्या आठवड्यात दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरांनी लसीच्या पुस्तिकेत जातीच्या रकान्यात ‘इंडियन स्पिट्झ’ असे लिहिले. घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हा तर आपल्या मोतीसारखा पॉमेरियन आहे!" मोतीचे नाव निघाले आणि सांगलीचे घर डोळ्यांपुढे उभे राहिले.

1980 आणि 1990 च्या दशकांत आपल्याकडे ज्याला सर्रास पॉमेरियन म्हटले जात असे, तो बहुतेक घरांत इंडियन स्पिट्झ होता. युरोपातल्या स्पिट्झ कुत्र्यांपासून ब्रिटिश अमदानीत त्याची पैदास इथेच झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या तो इथल्या उन्हाला व इथल्या अन्नाला सरावत गेला. 1994 मध्ये आलेल्या ‘हम आपके हैं कौन’ मधला टफी याच जातीचा. खरा पॉमेरियन साधारण दीड ते सव्वातीन किलोंचा असतो. आपल्या स्पिट्झचा लहान प्रकार पाच ते सात किलोंचा आणि मोठा प्रकार बारा किलोंच्या पुढे जातो. नाकाडही स्पिट्झचे जास्त लांब आणि निमुळते असते.

मोती सोप्याच्या पायरीवर पुढचे पाय खाली सोडून बसत असे. भुंकण्याआधी त्याचा डावा कान किंचित मागे फिरायचा, आणि तो फिरला की आजी चष्मा लावून फाटकाकडे बघायची. दूधवाल्यासाठी एकच तुटक भुंक, पोस्टमनसाठी सलग तीन-चार, आणि अनोळखी माणूस आला तर घशातून आधी एक बारीक गुरगुर, असे त्याचे ठरलेले होते. ही जात किती बारकाईने घर ओळखते, हे मला त्याच्याकडे पाहून कळले. आपण ज्यांना लहानपणापासून पाहत आलो, त्यांना जात म्हणून नीट समजून घ्यावे असे मनापासून वाटते. तुमच्या घरच्या स्पिट्झविषयी, त्याच्या सवयींविषयी आणि दुखण्याखुपण्याविषयी अवश्य लिहा.

चाळकरी
लालबागच्या आमच्या चाळीत राणी होती आणि ती फक्त आमची नव्हती, सबंध मजल्याची होती. सामाईक गॅलरीत तिला प्रत्येक बिऱ्हाडाची चप्पल ओळखता येत असे, त्यामुळे रात्रपाळीहून उशिरा येणाऱ्या गिरणीतल्या काकांवर ती कधीच भुंकली नाही, मात्र त्यांच्याबरोबर पाहुणा असेल तर भुंकल्याशिवाय राहिली नाही. तिचे सगळे औषधपाणी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात व्हायचे. वडील तिला कापडी पिशवीत बसवून चालत न्यायचे आणि ती पिशवीतून फक्त डोके बाहेर काढून रस्ता पाहत राहायची.

शेवंती
पिशवीतली राणी अगदी डोळ्यांसमोर आली, दादा. आम्ही बदलापूरला सदनिकेत राहतो आणि मुलगी वर्षभर कुत्र्यासाठी मागे लागली आहे. या जातीचे भुंकणे सदनिकेत शेजाऱ्यांना सहन होते का, हे कोणी अनुभवातून सांगेल का?

जुनावाडा
शेवंतीताई, भुंकणे हा या जातीचा स्वभावच आहे आणि तो पूर्णपणे बंद करता येत नाही, हे आधीच मान्य करून पिल्लू आणावे. आमच्या स्नोईला आम्ही घंटा वाजली की चटईवर जाऊन बसायला शिकवले. चटईवर बसल्यावर उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा मिळायचा, एवढीच युक्ती. ओरडून गप्प करू पाहिले तर तो समजतो की आपणही त्याच्याबरोबर भुंकत आहोत, आणि त्याला आणखी चेव येतो. चार महिन्यांच्या आत जितकी माणसे, वाहने, छत्र्या आणि कुकरच्या शिट्ट्या त्याच्या ओळखीच्या होतील, तितका तो पुढे शांत राहतो. बाल्कनीत त्याला एकट्याला दिवसभर सोडू नये. बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

सोसायटीने आक्षेप घेतला तर घाबरण्याचे कारण नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. तरीही रात्री दहानंतर शेजारच्या घरातल्या तान्ह्या मुलाची झोप मोडणार नाही याची काळजी आपणच घ्यायची असते, आणि ती घेतली की ठराव करण्यापर्यंत गोष्टी जात नाहीत असा माझा अनुभव आहे.

द्राक्षबाग
आमच्या तासगाव भागातल्या लोकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट लिहितो. बेदाण्याच्या शेडवर आमचा बंड्या राखणीला असायचा आणि जाळीखाली सांडलेले बेदाणे तोंडात घ्यायचा. एका सकाळी तो सारखा ओकू लागला आणि संध्याकाळपर्यंत त्याची लघवी कमी झाली. डॉक्टरांनी सांगितले की द्राक्षे आणि बेदाणे यांमुळे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्याने बाधेल याचा भरवशाचा अंदाज बांधता येत नाही. सलाइनवर ठेवल्यावर तो वाचला. त्यानंतर आम्ही शेडभोवती गुडघाभर उंचीची जाळी मारून घेतली. शिऱ्यातला किंवा प्रसादातला बेदाणासुद्धा लहान कुत्र्याला देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

शेवंती
हे आम्हाला अजिबात ठाऊक नव्हते. कांदा-लसणीच्या भाजीचा रस्सा चालतो का?

माळरान
शेवंती, चालत नाही. कांदा आणि लसूण, कच्चे असोत वा शिजवलेले, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात आणि त्यातून पंडुरोग होतो. चॉकलेट आणि साखरेऐवजी वापरला जाणारा झायलिटॉल हेही तितकेच घातक आहेत. मी पशुवैद्य आहे आणि आमच्या लहानशा तालुक्यात रोज एक तरी स्पिट्झ तपासते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

ही जात काटक आहे. बसक्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा जो जन्मभराचा त्रास असतो, तो हिला नाही, आणि दहा ते चौदा वर्षे ती सहज जगते. मात्र तीन दुखणी मला वारंवार दिसतात. पहिले दातांचे. दूध-पोळी आणि ग्लुकोजची बिस्किटे यांवर वाढलेल्या स्पिट्झच्या दाढांवर पाच-सहा वर्षांत तपकिरी किटण चढते, हिरड्या सुजतात आणि तोंडाला वास येऊ लागतो. मऊ ब्रशने आणि कुत्र्यांसाठीच्या पेस्टने दात घासायची सवय पिल्लूपणीच लावली तर हे पुष्कळ टळते. दुधाविषयीही सांगायचे तर मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना ते पचत नाही, अंडे, मासा किंवा चिकन यांतून त्यांना प्रथिने मिळायला हवीत. दुसरे दुखणे मागच्या गुडघ्याची वाटी सरकण्याचे. चालता चालता कुत्रा अचानक एक मागचा पाय उचलतो, तीन पायांवर दोन-चार उड्या मारतो आणि पुन्हा नीट चालू लागतो. घरच्यांना ती लाडिक सवय वाटते, पण ते तपासून घ्यावे आणि वजन वाढू देऊ नये.

तिसरे दुखणे नसबंदी न केलेल्या माद्यांचे आहे आणि त्याबद्दल मला सर्वांत जास्त तळमळ वाटते. माज संपल्यानंतर काही आठवड्यांनी वयस्क मादी एकाएकी खूप पाणी पिऊ लागली, जेवण सोडले, मलूल झाली, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते. कधी कधी बाहेर काहीच स्राव दिसत नाही आणि तो प्रकार अधिक धोक्याचा असतो. अशा वेळी सकाळपर्यंत थांबू नये. वेळेवर गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया केली तर हा आजार होतच नाही. "एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत" हा समज अजून घट्ट आहे, त्याला वैद्यकीय आधार नाही.

चाळकरी
डॉक्टरताई, राणी शेवटी अशीच सारखी पाणी पीत होती. त्या वेळी आम्ही उन्हाळा आहे असे समजलो होतो.

माळरान
दादा, त्या काळी हे फारसे कोणी सांगतही नव्हते. तुम्ही तिला इतक्या मायेने वाढवले, हे तुमच्या लिहिण्यातून दिसतेच आहे.

तांबडीमाती
फोंड्याहून लिहिते आहे. आमच्याकडे पावसाळ्यात या केसांची खरी परीक्षा असते. बाहेरचे केस लांब आणि सरळ, त्यांच्या आत कापसासारखी दाट लव, आणि एकदा ती भिजली की वरून कोरडी दिसणारी कातडी आत चोवीस तास ओलसर राहते. अंघोळीनंतर मी बोटांनी केस उलटे फिरवून मानेखाली आणि शेपटीच्या मुळाशी हात लावून पाहते, तिथे गार लागले तर पुन्हा पंख्याखाली बसवते. हे न केल्यास चट्टे पडतात आणि कुत्रा ते चाटून चाटून जखमी करतो. पांढऱ्या केसांत गोचीड चटकन दिसते, हा या रंगाचा मोठा फायदा आहे. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि गळपट्ट्याखाली रोज पाहावे, कारण गोचिडीच्या तापात रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) कमी होतात आणि हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घरच्यांना पत्ता लागत नाही.

जुनावाडा
ताई, केसांवरून आठवले. पुण्यात एका ठिकाणी उन्हाळा सुरू झाला म्हणून ओळखीच्यांच्या स्पिट्झचे केस मुळापासून मशीनने काढून दिले. पाठीवरचे केस पुढे कित्येक महिने आलेच नाहीत, आणि आले ते विरळ व खरखरीत. आतली लव हवा धरून ठेवते, त्यामुळे ती थंडीइतकेच उन्हापासूनही राखण करते, आणि केस नसलेली गोरी कातडी उन्हाने भाजते. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच शरीर थंड करतो. म्हणून केस कापण्यापेक्षा सुटलेली लव रोज विंचरून काढावी, फिरायला उन्हे चढण्याआधी न्यावे आणि बसायला गार फरशी मोकळी ठेवावी. पंजाखालचे आणि शेपटीखालचे केस थोडे कमी केले तर हरकत नसते.

निळीशाई
मी सध्या जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते. या भागातल्या द्राक्षमळ्यांत पूर्वी स्पिट्झ राखणीला ठेवत असत, म्हणून तासगावच्या बंड्याविषयी वाचून फार आनंद झाला. इथला मोठा स्पिट्झ आज इतका दुर्मीळ झाला आहे की जर्मनीतल्या धोक्यात आलेल्या पाळीव जातींच्या यादीत त्याचा समावेश करावा लागला आहे. चिमुकला पॉमेरियन ही तर अलीकडची गोष्ट. राणी शार्लटने 1767 मध्ये इंग्लंडात आणलेली कुत्री चांगली मोठी होती आणि त्या काळचा चित्रकार गेन्सबरो याच्या चित्रांत ती तशीच दिसतात. व्हिक्टोरिया राणीला 1888 मध्ये फ्लॉरेन्समध्ये मार्को नावाचा लहान चणीचा स्पिट्झ आवडला आणि त्यानंतर आकार लहान करत नेण्याची चढाओढ लागली. आपला इंडियन स्पिट्झ या चढाओढीच्या बाहेर राहिला, त्यामुळे त्याची हाडे आणि दात मजबूत राहिले असावेत असे मला वाटते.

हिवाळीपाखरू
निळीशाई, तुमच्या म्हणण्याला माझा दुजोरा आहे. न्यू जर्सीत आमच्याकडे अडीच किलोंची खरी पॉमेरियन आहे आणि माहेरी नागपूरला इंडियन स्पिट्झ होता, त्यामुळे फरक रोज जाणवतो. ही सोफ्यावरून उडी मारेल या धास्तीने आम्ही पायऱ्या ठेवल्या आहेत. गळपट्टा लावत नाही, छातीचा पट्टाच वापरतो, कारण या आकारात श्वासनलिका दबून कोरडा, घोगरा खोकला लागतो. पिल्लू असताना एक वेळचे जेवण चुकले तरी साखर उतरून ती थरथरत असे. स्वभाव मात्र दोघांचा सारखाच आहे: घरातले एक माणूस आपले म्हणून निवडायचे आणि ते न्हाणीघरात गेले तरी दाराशी बसून राहायचे.

सागरवेळ
थोडा प्रवासाचा अनुभव सांगतो, कारण गणपतीला गावी जाणाऱ्या अनेकांना हा प्रश्न पडतो. रेल्वेत कुत्र्याला सोबत घेऊन बसायचे असेल तर पहिल्या वर्गाचा कूपे किंवा सबंध केबिन घ्यावी लागते, इतर वर्गांच्या डब्यांत नेता येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे गार्डच्या डब्यातली कुत्र्यांसाठीची पेटी, पण इतक्या भिडस्त आणि माणसावेड्या जातीला गाडीच्या खडखडाटात तासन्‌तास एकटे ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही रत्नागिरीला नेहमी मोटारीने नेतो, निघण्याआधी तीन-चार तास खायला देत नाही आणि तिची रोजची गोधडी आसनावर अंथरतो. गोधडी असली की ती लगेच निजते.

शेवंती
सर्वांचे मनापासून आभार. इथे एका ओळखीच्या माणसाने पाच आठवड्यांचे पिल्लू देऊ केले आहे. घ्यावे का?

पिंपळपान
शेवंतीताई, पाच आठवड्यांचे घेऊ नका. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायला 2017 च्या श्वानपैदास नियमांनुसार मनाई आहे आणि त्याला सबळ कारण आहे. किती जोरात चावले की दुसऱ्याला दुखते, हे पिल्लू याच दिवसांत आईकडून आणि भावंडांकडून शिकते. तुमच्या घरी लहान मुलगी आहे, म्हणून तर हे शिक्षण पुरे झालेले असावे. आईला प्रत्यक्ष पाहायला मागा. ती दाखवायला कोणी का-कू करत असेल तर तिथून निघून या.

आणि पिल्लूच हवे असा मुलीचा हट्ट नसेल तर मोठा स्पिट्झही पाहा. घर बदलले, म्हातारी माणसे गेली, मुले परदेशी गेली म्हणून ही कुत्री मोठ्या संख्येने निवाऱ्यांत येतात. पाच-सहा वर्षांचा स्पिट्झ नव्या घरात आठवडाभर जेवणाकडे पाठ फिरवतो, दाराशी बसतो, पण एकदा त्याने तुमच्यातले माणूस निवडले की तो पक्का तुमचा होतो.

शेवंती
मुलीला विचारले. तिला मोठा चालेल म्हणते, फक्त तिच्या खोलीत झोपायला हवा. रविवारी आम्ही कल्याणच्या निवाऱ्यात जाऊन येतो.

माळरान
जाल तेव्हा दात पाहा, दोन्ही मागचे पाय हाताने हळूच वाकवून पाहा आणि मादी असेल तर शस्त्रक्रिया झाली आहे का ते विचारा. रेबीजच्या लसीचा दाखला नसेल तर सोमवारीच लस द्या.