जुन्या गाण्यांची हलती लय आणि सिंकचे बटण: हळदीच्या कार्यक्रमात टेम्पो कसा सांभाळावा?

दर्याकिनारा (प्रश्न)

नमस्कार. मी अलिबाग तालुक्यात हळदीच्या आणि साखरपुड्याच्या कार्यक्रमांत गाणी वाजवतो. गेली दोन वर्षे लॅपटॉपवर मिक्स हे मोफत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याच्या नावाच्या शेवटी तीन एक्स आहेत ते, आणि दोन डेकचा (म्हणजे एका वेळी दोन गाणी चालवता येणारा) एक साधा कंट्रोलर वापरत आहे. अलीकडची, संगणकावर तयार झालेली गाणी सिंकचे, म्हणजे दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारे, बटण दाबताच एकमेकांत चपखल बसतात. अडचण येते ती जुनी चित्रपटगीते आणि कोळीगीते लावताना.

मागच्या महिन्यात एक जुने गाणे पडद्यावर १००.४ बीपीएम (मिनिटाला ठोके) दाखवत होते. त्यावर १०४ चे एक रिमिक्स सिंक करून चढवले, तेव्हा पहिले आठ ठोके व्यवस्थित जुळले आणि मग दोन्ही ठेके हळूहळू फाटत गेले. दुसऱ्या कार्यक्रमात एका कोळीगीताचा वेग सॉफ्टवेअरने १५६ धरला, आणि पुढचे गाणे त्याच्याशी जुळवून घेताना घोड्यासारखे उधळले. शिवाय रात्री उशिरा मंडळींना १०० वरून १२८ पर्यंत न्यायचे असते, पण पिचची, म्हणजे गाण्याचा वेग कमीजास्त करण्याची, पट्टी आठ टक्के वरखाली एवढीच सरकते. तिची मर्यादा वाढवली तर गायिकेचा आवाज चिरका होतो, आणि की लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) लावले तर ढोलकीची थाप पसरट, दुहेरी पडल्यासारखी ऐकू येते. एकदा तर मी पट्टीला नुसता हात लावला आणि चालू गाणे एकदम हळू झाले. यातले माझे चुकते कोठे आणि सॉफ्टवेअरची मर्यादा कोठे आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

लयवेडा

तुमच्या पहिल्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. सिंकचे बटण गाणे ऐकत नाही. सॉफ्टवेअरने गाणे आधी तपासून त्यावर ठोक्यांच्या ज्या रेघा आखलेल्या असतात, त्या रेघा ते दुसऱ्या गाण्याच्या रेघांशी जुळवते. म्हणजे रेघा चुकल्या तर सिंक अगदी प्रामाणिकपणे चुकीच्या जागी जुळवून देते. जुनी चित्रपटगीते पूर्ण वाद्यवृंद एकत्र बसवून, संचालकाच्या हाताकडे पाहत, कानात मेट्रोनोमची टकटक नसताना ध्वनिमुद्रित होत असत. मुखड्यापेक्षा अंतऱ्यात लय थोडी चढणे, किंवा तिहाईनंतर ती किंचित सैल पडणे, हे त्या वादनाचे स्वाभाविक अंग आहे. सॉफ्टवेअर मात्र सरासरी काढून समान अंतराच्या रेघा मारते.

हा फरक किती महागात पडतो, ते मोजून पाहा. गाण्याचा खरा वेग १०१ असेल आणि रेघा १०० च्या असतील, तर मिनिटाला बरोबर एक ठोका सुटतो. सोळा ठोक्यांचे मिश्रण साधारण साडेनऊ सेकंद चालते आणि तेवढ्यात सुमारे ९५ मिलिसेकंदांचे अंतर पडते. ते कोणाच्याही कानाला खटकते. तोच फरक ०.२ बीपीएमचा असेल, तर अंतर २० मिलिसेकंदांच्या आत राहते आणि नाचणाऱ्यांच्या ते ध्यानातही येत नाही.

यावर उपाय असा की सेटिंगमधील ठोके ओळखण्याच्या विभागात ‘टेम्पो स्थिर आहे असे गृहीत धरा’ अशा अर्थाचा जो पर्याय असतो, तो जुन्या गाण्यांपुरता बंद करावा आणि ती गाणी पुन्हा तपासून घ्यावीत. पूर्वीची मोजणी जपून ठेवलेली असते, त्यामुळे पुन्हा मोजण्याचा पर्यायही सोबत निवडावा लागतो, अन्यथा काहीच बदललेले दिसणार नाही. असे केल्यावर रेघा खऱ्या ठोक्यांच्या मागे जातात. नव्या गाण्यांसाठी मात्र तो पर्याय चालूच ठेवा, कारण तेथे स्थिर रेघाच अधिक नेमक्या असतात.

कोळीगीताबद्दल सांगायचे तर तो सहा मात्रांचा झुलता ठेका आहे. पावले दोन ठिकाणी पडतात आणि प्रत्येक पावलात तीन मात्रा मावतात. सॉफ्टवेअर चारांच्या हिशोबाने चालते, म्हणून त्याने मधल्याच मात्रा पकडल्या. १५६ चे दोन-तृतीयांश म्हणजे १०४. गाण्यावर राइट क्लिक केल्यावर बीपीएमच्या यादीत दुप्पट आणि निम्मे यांबरोबर दोन-तृतीयांश हाही पर्याय सापडेल. तो निवडा, पायाने ठेका धरून खात्री करा आणि मग बीपीएमला कुलूप लावून ठेवा.

ढोलकीपलीकडे

लयवेडा यांचे निदान मान्य आहे, परंतु बदलत्या रेघा आखून झाल्या म्हणजे प्रश्न मिटला असे समजू नये. त्यानंतर पुढारी (लीडर) कोण आणि त्याच्या वेगाशी जुळवून घेणारा अनुयायी कोण, हे ठरवावे लागते. आपल्यापैकी बहुतेक जण सवयीने नव्या, स्थिर गाण्याला लीडर करतात. अशा वेळी सॉफ्टवेअर जुन्या गाण्याला क्षणोक्षणी ताणत किंवा आवळत राहते, आणि की लॉक चालू असेल तर त्या ओढाताणीचे व्रण गायिकेच्या लांब स्वरांवर आणि ढोलकीच्या थापेवर उमटतात. मी नेमके उलटे करतो. जुन्या गाण्याला लीडर करून त्यावर गाणे न चढवता केवळ तालवाद्यांचा चार किंवा आठ ठोक्यांचा लूप (पुन्हा पुन्हा वाजत राहणारा तुकडा) चढवतो. लूप कितीही हलला तरी कानाला कळत नाही; गाता गळा हलला की लगेच कळतो. ते गाणे बंद होण्याआधी लीडरपद लूपच्या डेककडे द्यायचे, लय स्थिर झाली की पुढचे गाणे आणायचे. यात मधला एक टप्पा वाढतो हे खरे, परंतु जुन्या गाण्याचा डौल टिकतो.

की लॉक नसताना वेग सहा टक्क्यांनी बदलला की सूर जवळजवळ एका अर्ध्या स्वराने सरकतो. माझ्या अनुभवात गायन असलेल्या गाण्याला तीन-चार टक्क्यांपलीकडे हात लावू नये, मग की लॉक असो वा नसो. की लॉकसाठी तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये साउंडटच आणि रबरबँड अशी दोन इंजिने आहेत. रबरबँड अधिक स्वच्छ ऐकू येते, पण जुन्या लॅपटॉपच्या प्रोसेसरवर त्याचा ताण पडतो, म्हणून कार्यक्रमाआधी घरी तासभर चालवून पाहावे.

आता १०० वरून १२८ कडे. हा २८ टक्क्यांचा चढ एका गाण्यात चढताच येत नाही. १०० चे गाणे १०३ पर्यंत वाढवावे, १०६ चे गाणे १०३ वर उतरवून आत आणावे आणि पहिले बाहेर गेल्यावर दुसरे गाणे बत्तीस-एक ठोक्यांत, शक्यतो गायन नसलेल्या जागी, स्वतःच्या मूळ वेगावर सोडावे. या हिशोबाने पाच बदलांत १२८ गाठता येते. एवढा वेळ नसेल तर लय तोडणे अधिक प्रामाणिक! समेवर एको देऊन गाणे संपवा, माइकवरून नवरदेवाच्या मामांना पुढे बोलवा, आणि त्या पाच-सहा सेकंदांच्या शांततेनंतर थेट १२८ ने सुरुवात करा. पायांना आधीचा वेग तेवढा वेळ आठवत नाही.

खोपोलीकर

पट्टीला हात लावताच गाणे हळू झाले, त्याचे कारण वेगळे आहे. सिंकने वेग पडद्यावर बदलला, परंतु कंट्रोलरवरची पट्टी जेथे होती तेथेच राहिली. तुम्ही तिला स्पर्श करताच सॉफ्टवेअरने तिची खरी जागा वाचून तो वेग लागू केला. पट्टी पडद्यावरील वेगापर्यंत पोहोचेपर्यंत तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची जी सोय असते, तिला सॉफ्ट टेकओव्हर म्हणतात. तुमच्या कंट्रोलरच्या मॅपिंगमध्ये (कोणत्या बटणाने काय व्हावे हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) ती पिचच्या पट्टीसाठी चालू आहे का, ते पाहा.

जी आठ-दहा जुनी गाणी प्रत्येक हळदीत लागतातच, ती मी एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये वॉर्पच्या (ठोके ठरावीक जागी खेचून बसवणाऱ्या) खुणा लावून एकाच वेगावर आणली आहेत आणि नव्या फाइली करून ठेवल्या आहेत. ढोलकीपलीकडे यांना हे पटणार नाही, याची कल्पना आहे; पण ऐन कार्यक्रमात रेघा दुरुस्त करण्यापेक्षा घरी एक संध्याकाळ घालवणे मला परवडते.

दर्याकिनारा

सर्वांचे आभार. काल पेणजवळच्या एका हळदीत हे करून पाहिले. दोन-तृतीयांशाने कोळीगीत लगेच ताळ्यावर आले आणि जुन्या गाण्याला लीडर केल्यावर त्यावरचा लूप शेवटपर्यंत सुटला नाही. मॅपिंगमध्ये सॉफ्ट टेकओव्हर खरोखरच बंद होते. मात्र एका गाण्यात ठेका थांबून नुसता आलाप सुरू होतो, तेथे बदलत्या रेघा पार भरकटतात. त्याचे काय करावे?

लयवेडा

तेथे रेघांना पकडायला ठोकाच नाही, म्हणून त्या भरकटणारच. आलापाच्या आधी सिंक बंद करून लूप बाहेर काढा, आणि आलापानंतरच्या पहिल्या समेवर हॉट क्यू (बटण दाबताच गाणे जेथून सुरू होते ती खूण) ठेवून तेथून दुसऱ्या डेकवर हाताने सुरुवात करा.