विमानतळ बाहेर हलवला, मग पुढे?

शहराने वेढलेल्या विमानतळाबद्दल ‘तो शहराबाहेर न्या, प्रश्न मिटला’ असं म्हटलं जातं. मिटत नाही हो, फक्त पुढे ढकलला जातो. नव्या धावपट्टीच्या मागोमाग वस्ती येतेच, आणि वाहतुकीची सोय बहुधा उशिरा पोचते. बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ २००६ मध्ये सुरू झाला, रेल्वे आली २०१० मध्ये. इक्वेडोरची राजधानी कीटोने २०१३ मध्ये विमानतळ हलवला, तिथे जाणारा नवा महामार्ग पुढच्या वर्षाच्या अखेरीस खुला झाला.

खरी गोची आवाजाची आहे. इमारतींच्या उंचीचे नियम निदान कागदावर तरी असतात: आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) निकषांनुसार मोठ्या धावपट्टीभोवती साधारण ४ किलोमीटरपर्यंत ४५ मीटरची मर्यादा. तीन मजली शाळा त्यात आरामात बसते, म्हणून परवानगी मिळते, मग ती उतरणाऱ्या विमानांच्या थेट खाली का असेना! ध्वनिपट्टे, म्हणजे विमानांचा आवाज जास्त असेल ते भाग, विकास आराखड्यातच आखलेले हवेत, तेही भूसंपादनाची कुणकुण लागण्याआधी. तिथे गोदामं, वर्कशॉप चालतील; घरं नकोत.

पण विमानतळ एका खात्याकडे, भोवतालची जमीन स्थानिक संस्थेकडे. शिवाय ज्याच्या शेतावर ‘घरं नकोत’ असा शिक्का बसेल, त्याला भरपाई कोण देणार? यावर मात्र कोणी बोलत नाही.