उत्तर: दिवाळीनंतर डेंग्यूची धास्ती नको?

दिवाळी झाली की डेंग्यू संपला, हा अनेकांचा हिशेब लांबलेल्या पावसाने आणि उबदार नोव्हेंबरने बिघडवलाय. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाने विषाणू घेतल्यावर तो लाळेत उतरायला २५ अंश तापमानाला सुमारे दोन आठवडे लागतात, ३० अंशांना जेमतेम एक. डासाचं आयुष्यच दोन-चार आठवड्यांचं, म्हणजे फरक किती पडतो बघा. शिवाय अंडी कोरड्या पिंपाच्या कडेला महिनोन् महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून टाकून भागत नाही, आतली कड काथ्याने घासावीच लागते.

त्यामुळे थंडीतल्या तापालाही ‘व्हायरल असेल’ म्हणून सोडू नका. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी रक्ततपासणी), नंतर आयजीएम (प्रतिपिंडांची तपासणी). तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन नको.

खरी फसगत ताप उतरताना होते. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यानचे ते २४ ते ४८ तास घातक, कारण रक्तातलं पाणी केशवाहिन्यांतून झिरपतं. सगळे प्लेटलेट मोजत बसतात (आणि पपईचा पाला शोधतात!), पण हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) २० टक्क्यांनी चढलं, वरच्या-खालच्या रक्तदाबातलं अंतर घटून २० किंवा त्याहून कमी झालं, पोट सतत दुखतंय, लघवी कमी झाली, तर तडक दवाखाना गाठा. सलाईनही मोजूनच, जास्त झालं तर फुप्फुसात पाणी साठतं.