पिंडाश्माच्या कड्यावर स्पोर्ट क्लाइंबिंग: गोट्यांवर भरवसा किती ठेवावा?

कातळवाट यांचा प्रश्न

नमस्कार. अमेरिकेच्या यूटा राज्यातील मेपल कॅन्यन या दाट झाडीच्या घळीत सप्टेंबरअखेरीस आरोहणासाठी जाण्याचे आमच्या छोट्या गटाने ठरवले आहे. आजवर आम्ही बेसाल्ट, ग्रॅनाइट आणि थोडाफार चुनखडक यांवर बोल्ट (खडकात पक्क्या बसवलेल्या धातूच्या खुंट्या) मारलेले मार्ग चढलो आहोत आणि अमेरिकी मोजणीतील ५.१० श्रेणीपर्यंतचे मार्ग आम्ही लीड करतो, म्हणजे दोर स्वतः वर नेत चढतो. पिंडाश्माला, म्हणजे गोटे आणि वाळू-गाळ जोडले जाऊन बनलेल्या खडकाला, मात्र अद्याप हात लावलेला नाही.

तेथील कड्यांची छायाचित्रे पाहिली की मुठीएवढ्या गोट्यांपासून मोठ्या धोंड्यांपर्यंत सर्व आकारांचे दगड भिंतीत रुतून बाहेर डोकावताना दिसतात, आणि संपूर्ण शरीराचा भार अशा एका गोट्यावर टाकायचा ही कल्पना अजून पचनी पडत नाही. गोटा भक्कम आहे की सुटण्याच्या बेतात आहे, हे चढताना कसे ओळखावे? अशा मिश्र खडकात बसवलेले बोल्ट कितपत विश्वासार्ह असतात? आणि पाऊस पडून गेल्यावर किती थांबावे? ज्यांनी अशा खडकावर चढाई केली आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

खडकवाचक यांचे उत्तर

आपल्या प्रश्नाचे उत्तर गोट्यांपेक्षा त्यांना धरून ठेवणाऱ्या भरणात अधिक आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. क्रिटेशस काळात, म्हणजे डायनासोरांच्या अखेरच्या युगात, या प्रदेशाच्या पश्चिमेला पर्वतरांगा उंचावत होत्या. त्यांच्या उतारांवरून वेगाने येणाऱ्या प्रवाहांनी आणलेले गोटे पायथ्याशी थरावर थर साचले, मधल्या पोकळ्यांत वाळू आणि गाळ भरला, आणि पुढे भूजलातून उतरलेल्या खनिजांनी हा सगळा ढीग नैसर्गिक काँक्रीटसारखा जोडला गेला. गोट्यांमध्ये क्वार्टझाइटचे प्रमाण मोठे आहे. क्वार्टझाइट अतिशय कठीण असल्यामुळे गोटा मधोमध फुटण्याची भीती फारशी नसते. खरा धोका असतो तो अख्खा गोटा बैठकीतून सुटण्याचा.

म्हणून गोटा किती मोठा आहे हे न पाहता तो किती आत बसला आहे हे पाहावे. गोट्याचा सर्वांत रुंद भाग भिंतीच्या आत असेल, तर सभोवतालचे भरण त्याला चारही बाजूंनी कवेत धरते आणि ते भरण फुटल्याशिवाय गोटा बाहेर येऊ शकत नाही. तोच रुंद भाग बाहेर आला असेल, तर गोटा केवळ मागच्या पृष्ठभागाच्या चिकटपणावर टिकलेला असतो, आणि असा गोटा हाताला कितीही सोयीचा वाटला तरी त्यावर पूर्ण भार टाकू नये. नवख्या आरोहकाचा हात नेमका याच गोट्यांकडे जातो, कारण बाहेर आलेल्या गोट्याची पकड सर्वांत चांगली दिसते. भिंतीत खोल बसलेला, जेमतेम बोटांची पेरे टेकतील इतकाच दिसणारा गोटा पुष्कळदा अधिक भरवशाचा असतो.

पकडण्यापूर्वी तळहाताच्या टाचेने हलकेच ठोकून पाहावे. घट्ट बसलेला गोटा भरीव, बंद आवाज देतो. सुटू पाहणारा पोकळ वाजतो किंवा बोटांना सूक्ष्म कंप जाणवतो. गोट्याभोवती बारीक भेग फिरलेली दिसत असेल, किंवा खालच्या कडेला ताजी भुकटी साचली असेल, तर तो सोडून द्यावा.

भाराची दिशाही तितकीच महत्त्वाची आहे. सरळ खाली ओढल्यास गोटा आपल्या बैठकीच्या खालच्या काठावर दाबला जातो, बाहेरच्या दिशेने ओढल्यास तो तरफेसारखा उचकटला जातो. उभ्या भिंतीवर शरीर खडकाजवळ ठेवून खालीच ओढणे शक्य असते. ओव्हरहँगवर, म्हणजे बाहेर झुकलेल्या भिंतीवर, बाहेरची ओढ टाळता येत नाही, त्यामुळे सुरुवातीचे दिवस उभ्या भिंतींवर आणि ज्यांवर पुष्कळांची ये-जा झालेली आहे अशा मार्गांवर घालवावेत. वर्षानुवर्षे चढल्या गेलेल्या मार्गावरील सैल गोटे बहुतांशी आधीच निघून गेलेले असतात आणि त्यांच्या जागी राहिलेले खळगे पकडी म्हणून वापरात आलेले असतात.

सगळा पिंडाश्म एकसारखा नसतो, हेही येथे सांगायला हवे. स्पेनच्या कॅटलोनियातील मोंसेरात येथे उभ्या, गोलसर शिळांवर बारीक गोट्यांवरून पाय तोलत चढावे लागते. स्पेनच्याच आरागॉनमधील रिग्लोस येथील सुळके सुमारे ३०० मीटर उंच असून पोट सुटल्यासारखे बाहेर फुगलेले आहेत. कॅटलोनियातीलच मार्गालेफ येथे प्रामुख्याने बोटांच्या खळग्यांची चढाई आहे, आणि २०१८ मध्ये जर्मन आरोहक अलेक्झांडर मेगोस यांनी तेथेच ९बी+ या अतिशय अवघड श्रेणीच्या ‘पर्फेक्तो मुंदो’ या मार्गाचे पहिले आरोहण केले. नीट जोडला गेलेला पिंडाश्म किती भार सोसू शकतो, याचा याहून मोठा दाखला शोधण्याची गरज नाही. ग्रीसमधील मेतेओरा हे मात्र वेगळे प्रकरण आहे. तेथील जुने मार्ग खालून चढता चढता बोल्ट मारून तयार केलेले असल्यामुळे दोन बोल्टांमधील अंतर पुष्कळ असते, आणि जवळजवळ बोल्ट असलेल्या स्पोर्ट क्लाइंबिंगच्या सवयीने तेथे जाणारा आरोहक अडचणीत येऊ शकतो.

दुहेरी गाठ यांचे उत्तर

खडकवाचक यांनी गोट्यांविषयी लिहिलेच आहे, मी बोल्टांविषयी लिहितो. युरोपीय मानक ईएन ९५९ नुसार खडकातील अँकरने, म्हणजे बोल्टसारख्या आधाराने, त्याच्या दांड्याला आडव्या दिशेने किमान २५ किलोन्यूटन (सुमारे अडीच टन वजनाइतका) भार सोसला पाहिजे. परंतु ही चाचणी ठरावीक ताकदीच्या काँक्रीटमध्ये घेतली जाते, त्यामुळे पिंडाश्मात हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. बोल्ट स्वतः उत्तम असून तो ज्या गोट्यात बसवला आहे तो गोटाच सुटा असेल, तर बोल्टच्या ताकदीला अर्थ उरत नाही.

म्हणूनच जाणकार मार्गकर्ते बोल्ट एक तर मोठ्या, खोल रुतलेल्या धोंड्याच्या मध्यभागी मारतात, किंवा जेथे भरण घट्ट आणि एकजीव आहे तेथे लांब बोल्ट वापरून आतपर्यंत जातात. गोटा आणि भरण यांच्या सांध्यावर छिद्र पाडले, तर ड्रिल मऊ बाजूला सरकते आणि छिद्र वेडेवाकडे होते. शिवाय एक्स्पान्शन बोल्ट फुगून छिद्राच्या भिंतींवर सतत बाहेरचा दाब देत राहतो, आणि लहान गोट्यात किंवा कडेच्या जवळ हा दाब धोक्याचा ठरतो. रेझिनने चिकटवलेल्या ग्लू-इन बोल्टमुळे असा दाब येत नाही आणि भार छिद्राच्या संपूर्ण लांबीवर पसरतो, त्यामुळे मऊ भरणाच्या खडकात ते अधिक योग्य समजले जातात.

चढताना प्रत्येक बोल्टकडे क्षणभर पाहण्याची सवय लावून घ्यावी. हँगर (बोल्टला लावलेली, दोर अडकवण्यासाठीची पट्टी) फिरत असेल, तर केवळ नट सैल झाला असण्याची शक्यता असते आणि तो घट्ट करता येतो. मात्र दांडाच छिद्रात हलत असेल, बोल्टभोवती खडकाला भेग गेली असेल किंवा बोल्ट ज्या गोट्यात आहे तो ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर त्या बोल्टवर पडण्याची वेळ येऊ देऊ नये. अशा वेळी खालच्या चांगल्या बोल्टवर स्वतःचे कॅरॅबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) सोडून उतरावे. त्या कॅरॅबिनरची किंमत मोजणे मला नेहमीच रास्त वाटत आले आहे.

बिले करणाऱ्याविषयी, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याविषयी, मला विशेष आग्रहाने लिहायचे आहे, कारण पिंडाश्मावर सुटलेला गोटा चढणाऱ्यापेक्षा खाली उभ्या असलेल्यांसाठी जास्त घातक असतो. बिलेअरने चढणाऱ्याच्या बरोबर खाली उभे न राहता बाजूला, पण भिंतीजवळच राहावे. फार मागे सरकल्यास पडणाऱ्याचा झटका त्याला भिंतीकडे ओढत नेतो. हेल्मेट दोघांनीही घालावे. स्पोर्ट क्लाइंबिंगमध्ये ते न घालण्याची जी पद्धत अनेक ठिकाणी रूढ झाली आहे, ती या खडकावर मुळीच पाळू नये. मेपल कॅन्यनमधील बॉक्स कॅन्यनसारख्या अरुंद जागी तर पडलेला गोटा समोरच्या भिंतीवर आपटून अनपेक्षित बाजूने येऊ शकतो, त्यामुळे पाहणाऱ्यांनी आणि सामानानेही मार्गाच्या खाली थांबू नये. अशा जागी आवाज घुमतो आणि शेजारच्या दोरावरच्या हाका आपल्याच वाटतात, म्हणून प्रत्येक सूचनेबरोबर जोडीदाराचे नाव घ्यावे.

पहिला बोल्ट उंचावर असेल, तर काठीने दोर त्यात अडकवण्यात, म्हणजे क्लिप करण्यात, कमीपणा मानू नये. खालच्या काही पकडी तपासून होण्यापूर्वीच एखादा गोटा निघाला, तर थेट जमिनीवर येण्याची वेळ येते. आणि दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ मारूनच चढाई सुरू करावी, मग दोर ७० मीटरचा असला तरीही.

कातळवाट

दोघांचेही मनापासून आभार. गोट्याच्या रुंद भागाचा मुद्दा मला आजवर कोणी इतक्या स्पष्टपणे सांगितला नव्हता. आता आणखी एक अडचण मांडतो. छायाचित्रांत शेकडो गोटे दिसतात आणि सगळे सारखेच वाटतात. ग्रॅनाइटवर एखादी चीर डोळ्यांना वाट दाखवते; येथे मार्ग वाचायचा कसा? शिवाय पावसाचा प्रश्न अजून बाकी आहे.

उजवी टाच यांचे उत्तर

मार्ग वाचताना हातांच्या पकडी शोधण्याऐवजी विश्रांतीच्या जागा शोधाव्यात, असे मी सुचवेन. खालून पाहताना एखादा मोठा, सपाट माथ्याचा धोंडा, खोल खळगा किंवा भिंतीचा कोन अशा दोन-तीन जागा हेराव्यात आणि एका जागेपासून दुसरीपर्यंतचे अंतर हा एक टप्पा समजावा. प्रत्येक गोटा लक्षात ठेवण्याचा प्रयत्न केला, तर डोके आणि हात दोन्ही दमतात. आरोहकांच्या हातांवरील खडूचे पांढरे डाग उपयोगी पडतात, पण त्यांवर विसंबू नये. तो गोटा इतरांनी चाचपला होता एवढेच डागावरून कळते. त्यांनी तो वापरला की सोडून दिला, हे कळत नाही.

गोल गोटा बोटांच्या टोकांनी चिमटीत धरण्यापेक्षा पूर्ण तळहाताने वरून झाकावा, अंगठा बाजूच्या खोबणीत टेकवावा आणि मनगट खाली ठेवावे. दोन गोट्यांमधील खोबणीत बोटे उभी रुतवता आली, तर ती पकड बहुतेक वेळा गोट्यापेक्षा चांगली मिळते. पायांसाठी गोट्याच्या अगदी माथ्यावर बुटाचा तळवा अधिकाधिक टेकेल असा पाय ठेवून टाच खाली सोडावी. लाथ मारल्यासारखा पाय कधीही आपटू नये. सैल गोटे बऱ्याचदा पायानेच निघतात आणि ते नेमके बिलेअरच्या बाजूला जातात.

मेपल कॅन्यनमधील पाइप ड्रीम या गुहेत आणि तशाच तीव्र ओव्हरहँगवर मांडी एका गोट्याखाली आणि पाऊल दुसऱ्यावर असे अडकवून हात मोकळे करण्याचे तंत्र, म्हणजे नी-बार, फार कामाला येते. तेथे जाणारे आरोहक रबरी नी-पॅड वापरतात. आपल्या श्रेणीच्या उभ्या मार्गांवर त्याची गरज क्वचितच पडेल, परंतु हे तंत्र शिकून घेण्यासाठी याहून अनुकूल खडक मला माहीत नाही.

पावसाबाबत माझे मत असे की पिंडाश्म हा वालुकाश्मासारखा नाजूक नसतो आणि पृष्ठभाग कोरडा दिसला की चढायला हरकत नाही.

खडकवाचक

शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. पिंडाश्माचे गोटे वालुकाश्मापेक्षा कठीण असतात हे खरे, परंतु त्यांच्यामधले भरण अनेक ठिकाणी वालुकाश्मच असते. ते भरण कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाने पक्के जोडलेले असेल, तर पावसाचा परिणाम थोडाच होतो. ते चिकणमातीचे किंवा सच्छिद्र वाळूचे असेल, तर आतपर्यंत ओल मुरते, जोड कमजोर होतो आणि पृष्ठभाग सुकल्यानंतरही गोट्यामागची बाजू ओलीच राहते. गोट्याची बैठक तेथेच असल्यामुळे वरून कोरडी दिसणारी भिंत फसवी ठरू शकते.

यासाठी एक साधी तपासणी करता येते. कड्याच्या पायथ्याशी, मार्गापासून दूर, भरणावर पाण्याचे काही थेंब टाकून पाहावेत. पाणी ओघळून गेले तर खडक घट्ट आहे, चटकन शोषले गेले तर तो सच्छिद्र आहे. त्याच जागी बोट घासल्यावर वाळूचे कण सुटत असतील, तर मोठ्या पावसानंतर किमान एक पूर्ण कोरडा, उन्हाचा दिवस जाऊ द्यावा. झाडीने वेढलेल्या घळीत सावली आणि दमट हवा यांमुळे वाळायला मोकळ्या कड्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हेही हिशेबात धरावे. गुहांमधील मार्ग पाऊस चालू असतानाही कोरडे राहतात, मात्र वरच्या जमिनीत मुरलेले पाणी पुढे कधीतरी छतातून झिरपू लागते, त्यामुळे तेथे उलट क्रमाने अडचण येऊ शकते.

उजवी टाच

मुद्दा मान्य आहे. मी घट्ट जोडलेल्या भिंतींच्या अनुभवावरून लिहिले होते, आणि भरणाचा प्रकार पाहिल्याशिवाय ते सर्वत्र लागू करू नये. पाण्याच्या थेंबांची तपासणी मीही यापुढे करीन.

वनवासी दोर यांचे उत्तर

येथे अद्याप कोणी घळीतल्या जंगलाविषयी लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात भर घालते. ज्या मेपल वृक्षांमुळे घळीला हे नाव मिळाले, त्यांची पाने आपण जाल त्याच सुमारास लाल होतात आणि आरोहकांखेरीज इतरही पुष्कळ लोक तेथे येतात, त्यामुळे पायवाटेवर दोर आणि सामान पसरू नये. पायथ्याची माती तीव्र उताराची आणि मुळांनी धरलेली असते. नवी आडवाट पाडली की पहिल्याच पावसात ती वाहून जाते आणि मार्गाची सुरुवात उघड्या मुळांवर येते. झाडाला दोर बांधून अँकर करणे किंवा अडथळा होतो म्हणून फांदी तोडणे हे दोन्ही टाळावे. शिकारी पक्ष्यांच्या विणीच्या काळात काही भिंती बंद ठेवण्याची पद्धत अनेक कड्यांवर आहे; सप्टेंबरअखेर विणीचा हंगाम संपलेला असला, तरी सूचनाफलक वाचूनच पुढे जावे.

घळ अमेरिकेच्या वनखात्याच्या अखत्यारीत असून तिच्यात खात्याचे शिबिरस्थळ आहे. ते समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून उंच असल्याने त्या दिवसांत रात्री थंडी चांगलीच पडते. सकाळी सावलीतल्या भिंतीवर बोटे बधिर झाली, तर गोटा पोकळ वाजतो की भरीव हे हाताला कळतच नाही, म्हणून दिवसाची पहिली चढाई उन्हातल्या भिंतीवर करावी आणि सावलीतले मार्ग दुपारसाठी ठेवावेत. शेकोटी पेटवण्यापूर्वी त्या आठवड्यातील अग्निनिर्बंध खात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावेत. कोरड्या शरद ऋतूत ते बदलत राहतात.