मदत हवी आहे: ब्रश फॉन्टमध्ये तेच अक्षर पुन्हा आलं की शिक्का मारल्यासारखं दिसतं

नमस्कार मंडळी,

मुलांच्या चित्रप्रदर्शनाचं पोस्टर करतेय. मथळा आहे 'रंगात रंगताना'. चित्रं मुलांनी कुंचल्याने रंगवलीत, म्हणून मथळाही सहज हात फिरवल्यासारखा हवा होता. एक देवनागरी ब्रश फॉन्ट घेतला. एकेक अक्षर सुटं पाहिलं तर झकास आहे: सुरुवातीला रंग भरगच्च, शेवटाकडे केस फाकून पडलेल्या पांढऱ्या रेघा.

पण मथळा टाइप करून मोठा केला आणि हिरमोड झाला. दोन्ही 'रं'च्या अनुस्वारांना डावीकडे तेवढंच शेपूट. काने तीन, तिन्ही खाली एकाच जागी फाटलेले. हाताने ओढलेले तीन काने इतके तंतोतंत कसे जुळतील? एकदा ते लक्षात आल्यापासून मला दुसरं काही दिसतच नाही.

दुसरी अडचण शिरोरेषेची. शेजारच्या अक्षराला जुळावी म्हणून ती प्रत्येक अक्षरात एकाच उंचीवर, एकाच जाडीची ठेवलीय. खाली अक्षरं नाचतात आणि वरची रेघ मात्र पट्टीने आखलेली. रोमनमधल्या 'डॉम कॅज्युअल'सारख्या फॉन्टमध्ये अक्षरं सुटीच असतात, तिथे हा प्रश्नच येत नाही. पण फ्रेंच अक्षररचनाकार रॉजर एक्सकोफोंच्या 'मिस्ट्राल' फॉन्टमध्ये छोटी अक्षरं एकमेकांना जोडलेली आहेत, तेही १९५३ साली, छपाईच्या शिशाच्या सुट्या खिळ्यांमध्ये, आणि तरी ते हस्ताक्षरच वाटतं! मग आपल्याकडे का जमू नये?

करून पाहिलेलं सांगते. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर शिरोरेषा तुटली. 'कलम' फॉन्टला हाताचं वळण सुंदर आहे, पण ते पेनाचं. पोस्टरवर कुंचल्याचा भरीवपणा येत नाही. शेवटी मजकुराचे आउटलाइन केले (म्हणजे अक्षरांची चित्रासारखी आकृती केली, मग ती टाइप करून बदलता येत नाहीत), एक काना आखूड केला, एक अनुस्वार थोडा फिरवला, शिरोरेषा पुसून प्रत्येक शब्दावर ब्रशने एकच सलग फटकारा ओढला. त्याने जीव आला. पण आत दालनांच्या पाट्याही याच अक्षरांत हव्यात आणि त्यांचा मजकूर अजून बदलतोय. दर वेळी आउटलाइन करून दुरुस्त करणं शक्य नाही.

तर जाणकारांनी कृपया सांगा: काना, अनुस्वार आणि नेहमीच्या अक्षरांची दोन-तीन वेगवेगळी रूपं असलेला देवनागरी ब्रश फॉन्ट कुणी वापरलाय का? ओपनटाइप या फॉन्ट-प्रकारातल्या 'कॅल्ट' फीचरने शेजारची अक्षरं पाहून रूप आपोआप बदलता येतं, पण माझ्या फॉन्टमध्ये ते चालू करून काहीच फरक पडला नाही. ग्लिफ पॅनलमध्येही (फॉन्टमधली सगळी अक्षररूपं दाखवणारी चौकट) पर्यायी काना दिसत नाही, म्हणजे तो फॉन्टमध्ये नाहीच असं समजायचं ना? की सरळ कागदावर लिहून स्कॅन करू? तसं केलं तर कोरड्या ब्रशच्या बारीक रेघा व्हेक्टर करताना (स्कॅनच्या ठिपक्यांचे कितीही मोठे करता येणारे आकार बनवताना) बुजतात, त्या कशा राखायच्या?

तारीख, वेळ, पत्ता साध्या फॉन्टमध्येच ठेवणार आहे, लहान आकारात ब्रशची अक्षरं भरून जातात. प्रश्न फक्त मथळ्याचा आणि पाट्यांचा आहे.