मदत हवी आहे: टोक्योत सायकल दुसऱ्याच्या नावावर, नवऱ्याला पोलिसांनी अडवलं

सोनटक्का

नमस्कार मंडळी. पुण्याहून टोक्योला येऊन आम्हाला जेमतेम तीन महिने झालेत. राहायला निशी-कासाईला, त्यामुळे आजूबाजूला आपली माणसं भरपूर, कढीपत्त्याचीही ददात नाही. प्रश्न सायकलचा आहे.

नवऱ्याच्या ऑफिसातलं एक कुटुंब भारतात परत गेलं. निघताना त्यांनी त्यांची सायकल आम्हाला दिली. इथे 'मामाचारी' म्हणतात ती, पुढे टोपली आणि मागे मुलाची खुर्ची. पैसे घेतले नाहीत. मी डबाभर चकल्या दिल्या, व्यवहार संपला. कागदबिगद काही नाही.

गेल्या गुरुवारी रात्री साडेनऊला नवरा दूध आणायला म्हणून तीच घेऊन गेला. डायनॅमो चाकाला टेकवायचा राहिला होता, म्हणजे दिवा नाही. कोपऱ्यावर दोन पोलिसांनी थांबवलं. अगदी अदबीने हं, आवाज वर नाही. एकाने वाकून सीटखालच्या दांडीवरच्या स्टिकरवर बॅटरी मारली, नंबर वायरलेसवर वाचून दाखवला आणि मग नाव विचारलं. नाव जुळेना! आमच्याकडचं जपानी 'सुमिमासेन'पाशी (माफ करा) सुरू होऊन तिथेच संपतं. रेसिडेन्स कार्ड, फोन नंबर, ऑफिसचा पत्ता सगळं लिहून घेतलं. शेवटी नवऱ्याने त्या मित्रालाच व्हॉट्सअ‍ॅप कॉल लावला. भारतात संध्याकाळचे सहा वाजले होते म्हणून बरं. त्याने पलीकडून आपलं नाव सांगितलं, पोलिसांशी दोन वाक्यं जपानीत बोलला, तेव्हा सुटका झाली. घरी आला तेव्हा दूध हातात होतं, पण चेहरा पांढराफटक.

दुसऱ्या दिवशी मी सायकल नीट पाहिली तर तिच्यावर तीन स्टिकर. एक आमच्याच बिल्डिंगच्या पार्किंगचं, एक सीटखालचं, एक पार पुसट झालेलं. यातलं लायसन कुठलं? ते आपल्या नावावर कसं करायचं? मालक तर नागपुरात जाऊन बसलाय. शिवाय एप्रिलपासून सायकलला दंड लागतो म्हणतात, ते खरं का? मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दीड. त्यांना घेऊन फुटपाथवरून चालवली तर चालते का? जाणकारांनी कृपया सांगावं. सध्या सायकल कुलूप लावून उभी आहे आणि मी बाळाला कडेवर घेऊन भाजी आणतेय.

तळ्यातमळ्यात

घाबरू नका, आमच्याकडे प्रत्येकाचं एकदा तरी झालंय हे. माझं दोनदा.

अराकावाकाठ

सोनटक्का, मी इथे चौदा वर्षं आहे, जरा सविस्तर लिहिते.

आधी हे डोक्यातून काढ की ते लायसन आहे. सायकल चालवायला इथे परवाना लागत नाही. सीटखालचं स्टिकर म्हणजे 'बोहान तोरोकु', चोरीला आळा बसावा म्हणून केलेली नोंदणी. सायकलचा सातबारा समज. १९९४ पासून कायद्याने ती प्रत्येक मालकाला बंधनकारक आहे. न केल्याबद्दल दंड मात्र नाही, त्यामुळे लोक आळस करतात आणि मग रात्री रस्त्यात उभे राहतात.

पोलीस एवढे खोदून का विचारतात तेही सांगते. स्टेशनबाहेर कोणीतरी टाकून दिलेली सायकल उचलून वापरणं हा इथे गुन्हा आहे. मालकाने टाकली असली तरी ती तुझी होत नाही. त्यामुळे दिवा नसलेली, दुसऱ्याच्या नावावरची सायकल रात्री दिसली की त्यांना पहिली शंका तीच येते. तुझा नवरा परदेशी आहे म्हणून अडवलं असंच काही नाही. माझ्या जपानी शेजाऱ्याच्या कॉलेजातल्या मुलालाही असंच उभं केलं होतं.

आता नावावर कसं करायचं. नागपूरच्या मित्राकडून एक पत्र घ्यायचं. 'जोतो शोमेइशो', म्हणजे दिल्याचा दाखला. त्यात त्याचं नाव, इथला जुना पत्ता, फोन, तुमचं नाव-पत्ता, सायकलच्या फ्रेमवर ठोकलेला नंबर आणि स्टिकरवरचा जुना नोंदणी नंबर. खाली तारीख आणि सही. नोंदणी करताना त्याला एक कार्ड मिळालं असेल, ग्राहकाची प्रत. ते सापडलं तर अर्धं काम झालं. हे सगळं, तुमचं रेसिडेन्स कार्ड आणि सायकल स्वतः घेऊन नोंदणीची पाटी असलेल्या सायकलच्या दुकानात जायचं. सायकल घरी ठेवून नुसते कागद घेऊन जाऊ नका, मी गेले होते, हात हलवत परत आले. सहा-सातशे येन लागतात. जुनी नोंद आधी रद्द करा असं दुकानदार म्हणाला तर घाबरू नका, कुठे जायचं ते तोच सांगेल. दुकानागणिक थोडा फरक पडतो.

आणखी एक. नाव रेसिडेन्स कार्डावर आहे तसंच्या तसं लिहा. आडनाव आधी की नाव आधी यावरून गोंधळ होतो.

बिल्डिंगचं स्टिकर पार्किंगपुरतं, त्याचा पोलिसांशी संबंध नाही. पण तेही जुन्या भाडेकरूचं असेल तर बदलून घ्या. नाहीतर एक दिवस सायकलला 'हटवण्यात येईल' अशी चिठ्ठी लटकलेली दिसेल.

दादरकर_योकोहामा

वरच्यात एक भर. ही नोंदणी प्रांतापुरती असते. टोक्योतून आमच्याकडे कानागावात आलात की जुनी रद्द करून इथे नवीन. मी केली नाही, आणि सायकल चोरीला गेल्यावर कळलं की नोंद टोक्योत, पत्ता जुना, फोन बंद. सायकल काही मिळाली नाही.

झणझणीत

फुटपाथचं काय एवढं? निम्मं टोक्यो फुटपाथवरून सायकल चालवतं, पोलीससुद्धा. कोणी काही म्हणत नाही. बिनधास्त चालवा.

अराकावाकाठ

झणझणीत, अशा सल्ल्यामुळेच माणसं अडकतात. सायकल इथे कायद्याने वाहन आहे, जागा रस्त्यावर, डाव्या कडेने. फुटपाथवर परवानगी कोणाला, तर तेरा वर्षांखालच्या मुलांना, सत्तरीच्या पुढच्यांना आणि अपंग व्यक्तींना. बाकीच्यांना निळी गोल पाटी असेल तिथे (माणूस आणि सायकल दोन्हींचं चित्र असलेली), किंवा रस्त्यावरून जाणं खरंच धोक्याचं असेल तेव्हा. तेव्हाही फुटपाथच्या रस्त्याकडच्या बाजूने, हळू, आणि चालणाऱ्याला अडचण होत असेल तर थांबायचं.

आणि सोनटक्का, हे नीट वाच: फुटपाथवर घंटी वाजवायची नाही. पुण्यात आपण घंटी वाजवतो म्हणजे सभ्यपणा दाखवतो. इथे चालणाऱ्या माणसाला घंटी वाजवून बाजूला करणं नियमाविरुद्ध आहे. पहिल्या वर्षी मी एका आजींच्या मागे ट्रिंग केलं होतं. त्या थांबल्या, वळल्या, आणि इतक्या शांतपणे माझ्याकडे बघितलं की मला सायकलवरून उतरावंसं वाटलं. उतरलेच.

दंडाचं खरं आहे. १ एप्रिल २०२६ पासून सोळा वर्षं आणि त्यावरच्या सायकलस्वारांना गाडीवाल्यांसारखी निळी पावती, 'आओ किप्पु'. फोन हातात धरून चालवला तर १२,००० येन. सिग्नल तोडला किंवा उलट्या बाजूने आलात तर ६,०००. फाटक पडत असताना रेल्वे क्रॉसिंगमध्ये घुसलात तर ७,०००. दिवा नसणं, ब्रेक नीट नसणं, 'तोमारे' (थांबा) लिहिलेल्या लाल उलट्या त्रिकोणापाशी पूर्ण न थांबणं, एका हातात छत्री, हे सगळं ५,०००. डबलसीट किंवा जोडीने गप्पा मारत शेजारी-शेजारी, ३,०००. नुसतं फुटपाथवरून गेलात म्हणून लगेच पावती फाडत नाहीत, आधी समज देतात. पण वेगाने गेलात, कोणाला दचकवलंत, तर फाडतात.

'तोमारे'ला वेग कमी केला म्हणजे थांबलो असं नाही. चाक थांबलं पाहिजे. मी एक पाय खाली टेकवते, म्हणजे वाद नको. सिग्नलला उजवीकडे वळायचं तर आपल्यासारखं मधूनच तिरकं घुसायचं नाही. आधी सरळ पलीकडे जायचं, तिथे तोंड वळवून उभं राहायचं आणि पुढचा हिरवा दिवा बघायचा.

पिऊन चालवणं तर निळ्या पावतीच्याही पलीकडचं, थेट फौजदारी. नोव्हेंबर २०२४ पासून श्वासात ठराविक प्रमाणाच्या वर दारू सापडली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड. ऑफिसच्या पार्टीनंतर 'सायकलच तर आहे' म्हणणाऱ्या सगळ्या नवऱ्यांना हे वाचून दाखवावं.

पेठकर_काका

मी मुलाकडे येऊन-जाऊन असतो, जपानचं फार कळत नाही. पण हे सगळं वाचून गंमत वाटली. आमच्या लहानपणी पुण्यात सायकलला महापालिकेचा कर असायचा आणि तो भरल्याचा बिल्ला सायकलला लावावा लागायचा. रात्री दिवा नसेल किंवा डबलसीट असाल तर पोलीस शांतपणे चाकातली हवा सोडून द्यायचा. पंप मागायला कोणाकडे जायचं, रात्रीचे नऊ वाजलेले! मग सायकल हातात धरून घरापर्यंत चालत. तुमच्या यजमानांची निदान हवा तरी शाबूत राहिली.

दादरकर_योकोहामा

काका :)

विम्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. टोक्योत १ एप्रिल २०२० पासून सायकलचा विमा सक्तीचा आहे. न काढल्यास दंड नाही, पण काढाच. २००८ साली कोबेमध्ये पाचवीतल्या मुलाने सायकलने ६२ वर्षांच्या बाईंना धडक दिली. २०१३ मध्ये कोर्टाने त्याच्या आईला सुमारे साडेनऊ कोटी येन भरपाई द्यायला सांगितली. येनच आहेत, पण शून्यं मोजून बघा.

वेगळा विमा घेण्याआधी घराच्या भाडेकराराबरोबर काढलेल्या आगीच्या विम्याचे कागद चाळा. त्यात बऱ्याचदा 'वैयक्तिक जबाबदारी' नावाचं कलम असतं आणि सायकल त्यात बसते. आमचं तसंच निघालं, दोन वर्षं फुकट दुहेरी पैसे भरत होतो.

तळ्यातमळ्यात

हेल्मेट पण. एप्रिल २०२३ पासून सगळ्या वयांना 'घालण्याचा प्रयत्न करावा' असा नियम आहे. दंड नाही. मुलांना तरी घालाच.

सोनटक्का

सर्वांचे मनापासून आभार! अराकावाकाठ ताई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. पार्टीचा भाग दोनदा. दोन शंका राहिल्यात. बाळाला पुढे पोटाशी बांधून आणि मुलाला मागे बसवून नेलं तर? आणि नवऱ्याला एक इलेक्ट्रिक सायकल ऑनलाइन दिसली आहे, पेडल न मारता मुठीने पळते. स्वस्त आहे. घ्यावी का?

अराकावाकाठ

पोटाशी अजिबात नको. समोरचं दिसत नाही, आणि पडलीस तर तू बाळाच्या अंगावर. ते चालत नाही. पाठीशी पट्ट्याने घट्ट बांधलेलं चालतं. पण खरं सांगू का, दोन्ही मुलं न्यायची असतील तर दोघांसाठी प्रमाणित केलेली सायकल घे, पुढे-मागे खुर्च्या असलेली. शाळेत जायच्या आधीची दोन मुलं तिच्यावर नेता येतात. तुमचा मुलगा पहिलीत गेला की मात्र त्याला मागे बसवता येणार नाही, तेव्हा महागातली घेण्याआधी वर्षाचा हिशोब कर. मुलांना आधी हेल्मेट, मग खुर्ची. उतरवताना आधी मूल, मग हेल्मेट. आणि स्टँडवर मूल बसवून 'एकच मिनिट' म्हणून दुकानात शिरू नकोस. बॅटरीची सायकल तीसेक किलोची असते, कलंडली की सावरत नाही.

मुठीने पळणारी घेऊच नका. इथे पायाला जोर देणारी बॅटरी चालते, तीही ताशी २४ किलोमीटरला मदत बंद करणारी. नुसत्या मुठीवर पळाली की कायद्याने ती सहसा मोटरसायकल झाली. म्हणजे परवाना, नंबरप्लेट, विमा, हेल्मेट सगळं आलं. रस्त्यावर आणलीत तर विनापरवाना वाहन चालवल्याचा गुन्हा.

झणझणीत

ती मी पण बघितली होती. बरं झालं विचारलंत. फुटपाथचं माझं चुकलं, मान्य.

सोनटक्का

अपडेट देते, पुढे कोणाला उपयोगी पडेल म्हणून.

मित्राच्या बायकोने नागपुरात ट्रंक उपसली आणि जुन्या गॅसबिलांच्या फायलीत ते कार्ड सापडलं. पत्रावर सही करून दोन्ही एका येणाऱ्या सहकाऱ्याबरोबर पाठवलं. काल सायकल घेऊन गल्लीतल्या दुकानात गेलो. दुकानदार आजोबा सत्तरीचे असतील. त्यांनी पत्र बाजूला ठेवून आधी सायकल उलटी केली, चिंधीने पुसत फ्रेमवरचा नंबर शोधला आणि पत्रातल्या नंबराशी एकेक आकडा बोट ठेवून जुळवला. आम्ही पत्रात ८ च्या जागी ३ लिहिला होता! नशीब, त्यांनी कार्डावरून खात्री करून घेतली आणि नवऱ्याला तिथेच दुरुस्त करून सही करायला लावली. फॉर्मवर काताकाना लिपीत 'कुलकर्णी'चं 'कुरुकारुनी' झालं.

जुनं स्टिकर खरवडून नवं लावलं. मग न विचारता त्यांनी मागचा ब्रेक दाबून पाहिला, मान हलवली आणि रबर बदललं. त्याचे पैसे वेगळे घेतले, पण डायनॅमोचा ढिला स्क्रू फुकट आवळून दिला.

नव्या कार्डाचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये आहे. आगीच्या विम्याचे कागद आज रात्री काढते. ते जपानीत चौदा पानं आहेत, 'वैयक्तिक जबाबदारी'ला नेमकं काय लिहितात ते कोणी जपानी अक्षरांत सांगू शकेल का?

दादरकर_योकोहामा

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. त्या अक्षरांचा फोटो आहे, तो शेजारी ठेवून पानं जुळवा.