ग्रब गेला की फॉरमॅट मारायचं, हा कुठला न्याय?

टिळकवाडीकर

ग्रब म्हणजे मशीन चालू केल्यावर लिनक्स की विंडोज असा मेनू दाखवणारा प्रोग्रॅम, पार्टिशन म्हणजे डिस्कचा एक कप्पा. परवा इथंच एकानं लिहिलं: "पार्टिशन हलवल्यावर ग्रब रुसला तर रात्र घालवू नका. डेटा काढा, डिस्क साफ करा, एकच विंडोज टाका. एका डिस्कवर दोन सिस्टिमा हा कॉलेजच्या पोरांचा खुळा नाद." खाली ४० अंगठे. त्यातले किती जण त्या काळ्या पडद्यासमोर एकदा तरी बसलेत?

माझ्या भाच्याचं सांगतो. जुना डेस्कटॉप, एमबीआरवाली (जुन्या पद्धतीच्या पार्टिशन तक्त्याची) डिस्क, सी ड्राइव्ह तुडुंब. पोरानं लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून जीपार्टेड (पार्टिशनं लहानमोठी करायचं टूल) उघडलं, पाच नंबरचं रिकामं पडलेलं डी ड्राइव्ह उडवलं, एक्स्टेंडेडची (लॉजिकल पार्टिशनं ज्या मोठ्या कप्प्यात बसतात त्याची) भिंत उजवीकडे सरकवली आणि मोकळी जागा सीला दिली. रीस्टार्ट केलं तर "अननोन फाइलसिस्टिम" आणि खाली "ग्रब रेस्क्यू". प्रोजेक्ट द्यायला चार दिवस राहिलेले, पोरगं रडकुंडीला.

लॉजिकल पार्टिशनांना नंबर रांगेनं मिळतात. पाच गेलं की सहाचं पाच होतं आणि सातचं सहा. लिनक्स होतं सहावर, स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची जागा) सातवर. ग्रबचा जो तुकडा डिस्कच्या सुरुवातीच्या मोकळ्या सेक्टरांत बसतो, त्याला "सहावर जा" एवढंच सांगून ठेवलेलं असतं. तो बिचारा इमानानं सहावर गेला, तर तिथं स्वॅप! फाइल एकही गेली नव्हती.

एलएस म्हटलं की ग्रब पार्टिशनं दाखवतो. एकेकाच्या बूट फोल्डरमध्ये डोकावलं, पाचवर सापडलं. सेट प्रीफिक्स, सेट रूट, इन्समॉड नॉर्मल, नॉर्मल. चार ओळींत मेनू समोर. पुढं मेनूतल्या नोंदी यूयूआयडीनं (पार्टिशनच्या ओळखक्रमांकानं) शोधतात आणि नंबर बदलला तरी यूयूआयडी तोच राहतो, त्यामुळे लिनक्स सरळ सुरू झालं. आत गेल्यावर ग्रब-इन्स्टॉल (अख्ख्या डिस्कवर, एसडीएवर, एसडीए-पाचवर नव्हे, इथंच लोक चुकतात) आणि अपडेट-ग्रब. चहा निवायच्या आत काम झालं.

पोस्टमनला घर सापडेना म्हणून घर पाडायचं का?

काउंटरवरचा

ती पोस्ट माझीच हाय. पोस्टमन-बिस्टमन सगळं गोड हाय, खरं तुमच्या भाच्याचं विंडोज जागचं हललंच नव्हतं, नुसतं उजवीकडं वाढलं. त्याची सुरुवात सरकवून बघा की एकदा! एमबीआरवर विंडोजचं बीसीडी (सुरू व्हायच्या नोंदींचं खातं) डिस्कची सही आणि पार्टिशन कुठल्या ऑफसेटला सुरू होतंय ते धरून बसतंय. सुरुवात हलली की रिकव्हरीचा निळा पडदा. मग विंडोजचा पेनड्राइव्ह आणि दुरुस्तीच्या आज्ञा, बूटरेक, बीसीडीबूट. त्यात कोणतरी घाईत फिक्स-एमबीआर मारतंय की तुमचा ग्रब परत गुल. आधी विंडोज नीट करायचं आणि मग ग्रब, हा क्रम किती जणांना ठाऊक हाय?

आणि भाच्याकडून तुम्ही पैसे घेतला नाहीत. माझ्याकडं गिऱ्हाईक काउंटरवर कोपर टेकून विचारतंय, "दादा, किती वेळ?" फॉरमॅटला किती वेळ ते मी सांगू शकतो. दुरुस्तीला दहा मिनिटं लागतील नाहीतर रात्र जाईल. बरं, दहा मिनिटांत झालं की ४०० रुपये द्यायला तोंड वाकडं, "चारच तर ओळी टाइप केल्या!" फॉरमॅटला तेच गिऱ्हाईक ६०० गपगुमान देतंय.

निपाणीकर

आमचंही पार्टिशन १९५६ ला हलवलं होतं. दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. ग्रब रेस्क्यूवरच अडकलोय.

अनगोळचा गा

झालं, आलं हे! दूध नासलं तरी सीमाप्रश्न. कुठंतरी सोडा की ओ काका.

कारवारकर

अजून तुम्ही एमबीआरचं रडगाणं गाताय. जीपीटी (पार्टिशनांचा नवा तक्ता) करा. तिथं एक पार्टिशन उडवलं तरी बाकीच्यांचे नंबर सरकत नाहीत. यूईएफआयमध्ये (जुन्या बायोसच्या जागी आलेल्या पद्धतीत) विंडोजचा बूटलोडर वेगळ्या फोल्डरात, लिनक्सचा वेगळ्या. भांडण मिटलं.

काउंटरवरचा

मिटलं? ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजचा अपडेट आला आणि सिक्युअर बूट (विश्वासू सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारं कुलूप) चालू असलेल्या कित्येक मशिनींवर लिनक्स "सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन" म्हणून दारातच अडलं. पार्टिशन कुणी बोटानंसुद्धा हलवलं नव्हतं.

खानापूरचा पाऊस

ग्रब दुरुस्त होतो हो. ग्रबचं कुणाला पडलंय?

जुलैतला आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. १८० जीबीचं पार्टिशन डावीकडे सरकवायला लावलं, अंदाज दाखवला अडीच तासांचा. तासाभरात लाईट गेली. यूपीएसची बॅटरी जुनी, चार मिनिटं कण्हली आणि बसली. सरकवणं म्हणजे काय, तर एकेक ब्लॉक उचलून पलीकडे नेऊन ठेवणं. निम्मं सामान नव्या घरात, निम्मं जुन्यात आणि टेम्पो घाटात बंद. टेस्टडिस्कनं पार्टिशनचा तक्ता परत आणला, आतल्या फायली कुठून आणणार? वडिलांच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग होतं, २००९ पासूनचं. वडील आता नाहीत.

तेव्हा चहा निवायच्या आत वगैरे गोष्टी सांभाळून सांगा. वाचणारा उद्या तसंच करायला जातो.

टिळकवाडीकर

वाईट वाटलं. पण हा बॅकअपचा मुद्दा झाला, ड्युअल बूटचा नव्हे.

खानापूरचा पाऊस

कुठला मुद्दा कशाचा ते तुम्ही ठरवणार? शहरात बसून लाईटवर बोलायचं सोपं आहे.

डीटीपीवाली

एक विचारू का? भावानं काल आमच्या दुकानातल्या मशिनीवर पार्टिशन सरकवलं. लिनक्स येतंय, त्यानं अपडेट-ग्रब केलं आणि आता मेनूत विंडोज सेव्हनच नाही. उद्या सकाळी ३०० लग्नपत्रिका द्यायच्या आहेत. पेजमेकर (पत्रिकेची पानं मांडायचं सॉफ्टवेअर) विंडोजमध्येच आहे.

अनगोळचा गा

पेजमेकर?? ताई, सातनंतर त्याची नवी आवृत्ती आली नाही आणि सात आलं २००१ ला! त्याला युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच अक्षर-पद्धत) कळत नाही. यामुळंच मराठी मागं राहिली.

डीटीपीवाली

मराठी माझ्यामुळं मागं राहिली का? बरं. युनिकोडात पत्रिका करून छापखान्यात नेली होती एकदा. त्यांच्या मशिनीवर "श्री"चे तीन तुकडे. आणि "दुसऱ्या" लिहिलं की र उडून यच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. नवरीकडचे लोक शुद्धलेखन बघतात हो.

अनगोळचा गा

कारण तुम्ही साधा र टाइप करताय. खाली टिंब असलेला ऱ घ्या, मग हलन्त, मग य. बरोबर येतं.

कारवारकर

आणि लिनक्सवर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात त्याचं काय? मराठी माणसाला तो ल बघवत नाही.

अनगोळचा गा

मजकुराची भाषा मराठी ठेवा. फॉन्टात मराठी वळणाचा ल असला तर आपोआप येतो. तुम्ही लोक भाषा हिंदी ठेवता आणि लिनक्सला शिव्या देता.

डीटीपीवाली

आणि कन्नड? कर्नाटकात २०२४ पासून दुकानाच्या बोर्डावर ६० टक्के कन्नड लागतं, पट्टी घेऊन मोजते मी. गिऱ्हाईक कन्नड मजकूर जुन्या नुडीत (कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरात) आणून देतं. नुडीचा फॉन्ट नसलेल्या मशिनीवर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. एका बोर्डावर दोन लिप्या, दोघींचे फॉन्ट जुने. मला हौस नाही विंडोज सेव्हन ठेवायची.

निपाणीकर

६० टक्क्यांचा विषय निघालाच आहे तर…

अनगोळचा गा

काका, नको!

डीटीपीवाली

माझ्या ३०० पत्रिका! युनिकोडावर ११ जण बोलले, माझ्या मेनूवर एक नाही. बारा वाजायला आलेत.

टिळकवाडीकर

ताई, चुकलंच. २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून ग्रब दुसरी सिस्टिम आपणहून शोधत नाही, ओएस-प्रोबर बंद असतो. डीफॉल्ट फोल्डरातली ग्रबची फाइल उघडा. "ग्रब डिसेबल ओएस प्रोबर"ची ओळ असेल तिला फॉल्स करा, पुढचं हॅश काढा. नसली तर लिहा. मग अपडेट-ग्रब.

काउंटरवरचा

ते करायच्या आधी एक बघा. विंडोज मागच्या वेळी हायबरनेट करून सोडलं असेल तर त्याच्या पार्टिशनवर लिनक्सकडून काही लिहू नका. आणि त्याची सुरुवात हलली असेल तर मेनूत येऊनसुद्धा चालू होणार नाही, निळा पडदाच दिसणार. तसं झालं तर सकाळी नऊला मशीन घेऊन या. फॉरमॅट मारणार नाही, शब्द.

टिळकवाडीकर

अरे वा! फॉरमॅटवाले दुरुस्ती करायला लागले.

काउंटरवरचा

जुन्या फॉन्टांचं मशीन परत उभं करायला दोन दिवस जातात, म्हणून. तुमच्या पोस्टमनमुळं न्हवं.

खानापूरचा पाऊस

ताई, पत्रिकेच्या फायली आधी पेनड्राइव्हवर काढा. लिनक्स चालतंय ना, त्यातूनच दिसतील.

डीटीपीवाली

फायली काढल्या. ओळ नव्हतीच, लिहिली. विंडोज मेनूत आलं आणि चालूही झालं, पेजमेकर उघडलंय. सगळ्यांचे आभार, युनिकोडवाल्या दादांचेसुद्धा.

एकच राहिलं. विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागं दाखवतंय. हे कशानं?

टिळकवाडीकर

लिनक्स मशिनीच्या घड्याळात यूटीसी (जागतिक) वेळ लिहून ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल वापरून लोकल-आरटीसी एक करा.

काउंटरवरचा

म्हणून म्हणत होतो, फॉरमॅट मारा.